दुसऱ्या डिस्कवरचा आवाज

“मशीन दिसत नाहीये,” मी म्हणाले.

वीणाताई माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. “दिसत नाहीये म्हणजे? बंद पडलंय का?”

“बंद पडलं असतं तर यादीत लाल दिसलं असतं. यादीतच नाहीये.”

मी पान पुन्हा उघडलं. बाकीची यंत्रं होती तिथंच होती. आमचं मात्र नव्हतं. नावसुद्धा नव्हतं.

“सुनेत्रा, ते दोघं आलेत बाहेर,” वीणाताई हळूच म्हणाल्या. “आज तेलुगू आवाज द्यायचाय ना त्यांना.”

मला ते ठाऊक होतं. येताना मी त्यांना बाकावर बसलेलं पाहिलं होतं. मल्लेशम अण्णांनी गळ्याभोवती पांढरा मऊ रुमाल बांधला होता. राजमणीअक्कांनी लग्नाला जायचं असल्यासारखी काठाची साडी नेसली होती आणि केसांत अबोलीचा गजरा होता.

ही गोष्ट सोलापूरची, मी तिथल्या एका धर्मादाय कर्करोग रुग्णालयात संगणकाचं काम बघायचे तेव्हाची. वीणा देशमाने तिथं वाचातज्ज्ञ होत्या. ज्या रुग्णांचं स्वरयंत्र काढून टाकावं लागणार आहे, त्यांचा आवाज शस्त्रक्रियेआधी ध्वनिमुद्रित करून ठेवायचा, असा एक उपक्रम त्यांनी पुण्याच्या एका संस्थेच्या मदतीनं सुरू केला होता. रुग्णानं कागदावरची पुष्कळ वाक्यं वाचायची. त्यावरून संगणक त्याचा आवाज शिकायचा. मग शस्त्रक्रियेनंतर माणूस टॅबलेटवर टाइप करणार आणि टॅबलेट त्याच्या स्वतःच्या आवाजात बोलणार. 

अण्णांचा आवाज तर गावाच्या ओळखीचा. एसटी स्टँडवर उद्घोषणा करण्यात त्यांची अख्खी हयात गेली होती. ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे’ असं त्यांनी म्हटलं की भांडणारी माणसंसुद्धा क्षणभर गप्प व्हायची. आमच्याकडे त्यांनी मराठी वाक्यं वाचली ती अशी ठणठणीत, की वीणाताईंना एकही पुन्हा घ्यावं लागलं नाही. अडलं ते दुसऱ्याच ठिकाणी.

“मराठी झालं,” अक्का म्हणाल्या होत्या, “आता आमचं घ्या की.”

“तुमचं म्हणजे?”

“तेलुगू. घरात आम्ही तेलुगू बोलतोय. हे माझ्याशी मराठीत कधी बोललेच नाहीत, ताई. मराठी स्टँडवर.”

उपक्रमात तेलुगू नव्हतंच. वीणाताईंनी पुण्याला विनवण्या केल्या, शाळेतल्या एका तेलुगू बाईंकडून वाक्यं लिहून घेतली, आणि शस्त्रक्रियेची तारीख तोंडावर आलेली असताना अण्णांनी ती वाचून काढली. शेवटी शेवटी घसा इतका दुखायचा की एका वाक्यानंतर ते डोळे मिटून बसायचे. पण पुरं केलं.

शस्त्रक्रिया झाली. मराठी आवाज तयार होता, तो लगेच टॅबलेटवर घालून दिला. तेलुगूला वेळ लागला. तो तयार झाल्याचा निरोप आला आणि आम्ही दोघांना बोलावून घेतलं. आणि त्याच सकाळी मशीन नव्हतं.

मी पुण्याला फोन लावला. तिकडची यंत्रं आवटे नावाचे एक साहेब सांभाळायचे.

“सर, आमचं सोलापूरचं मशीन कुठं गेलं?”

“कुठलं गं?”

“टेस्ट थ्री.”

“ते होय? अगं, वर्षअखेरची साफसफाई केली काल. टेस्टची सगळी काढून टाकली. उगाच चालू राहतात.”

“सर, ते टेस्टचं नव्हतं. नाव तेवढं टेस्ट होतं. सुरुवातीला कोणीतरी दिलेलं, तेच राहिलं. त्यावर पेशंटचे आवाज आहेत.”

मग आवटे म्हणाले, “बॅकअप आहे ना?”

“आहे.”

“मग झालं तर! रिस्टोअर कर आणि सांग मला.” त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. खरं सांगायचं तर मीही सोडला.

बॅकअप मीच रोज तपासायचे. दररोज संध्याकाळी त्या अख्ख्या यंत्राची एक जशीच्या तशी प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवली जायची. यंत्र पुसलं तरी प्रत राहते. तिच्यावरून नवं यंत्र उभं करायचं, की ते प्रत घेतली तेव्हा होतं तसंच जागं होतं. मी प्रतींची यादी उघडली. सगळ्या होत्या. शेवटची निवडली, काम सुरू केलं आणि बाहेर जाऊन दोघांना आत बोलावलं.

“थोडा वेळ लागेल, अक्का. मशीन पुन्हा उभं करतेय.”

“पडलं होतं व्हय?” अक्कांनी खोलीभर नजर फिरवली. “कुठाय ते?”

“इथं नाही. लांब आहे. हैदराबादला एक मोठी इमारत आहे, तिथं खूप मोठे संगणक आहेत. त्यातल्या एकाचा थोडा भाग आपल्याला दिलेला असतो. त्या भागाला वाटतं, आपणच एक पूर्ण संगणक आहोत.”

अक्का अण्णांकडे वळून हसल्या. “बघा. आपले आजे तिकडनं हातमागावर बसायला इकडं आले, आणि तुमचा आवाज तेलुगू शिकायला तिकडं गेला.”

अण्णांचे खांदे हलले. शस्त्रक्रियेनंतर ते असेच हसायचे, आवाजाशिवाय. त्यांनी टॅबलेटवर बोटं चालवली आणि खोलीत स्टँडवरचा तो भरदार आवाज घुमला, “शिकून परत आला म्हणजे बरे.”

“बघितलंस?” अक्का मला म्हणाल्या. “हे मराठीत बोलायले की मला स्टँडवर बसल्यासारखं व्हायलंय. काल म्हणाले, ‘कृपया भाजीत मीठ कमी आहे.’”

“कृपया म्हणाले?”

“सवय आहे तोंडाला. आता तोंडाला कसली, बोटाला.”

आम्ही सगळेच हसलो. ते हसणं अजून आठवतं मला, कारण त्यानंतर थोड्याच वेळात माझ्या पडद्यावर हिरवी खूण आली. यंत्र उभं राहिलं. मी आत शिरले. अण्णांच्या नावाचा फोल्डर होता. मराठी वाक्यं होती, एकूण एक. मी तेलुगूच्या फोल्डरवर बोट दाबलं. पडद्यावर आलं, हे ठिकाण सापडत नाही.

पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

मग मी प्रतीच्या तपशिलाचं पान उघडलं. त्यात डिस्क एकच होती.

मी उठून वीणाताईंना कोपऱ्यात घेऊन गेले. “ताई, तेलुगू घ्यायला लागलात तेव्हा जागा संपली होती का?”

“हो, डिस्क भरली होती. मी पुण्याला कळवलं, त्यांनी दुसरी जोडून दिली. का?”

बॅकअप लावून दिला होता तो पहिल्या डिस्कचा. दुसरी नंतर आली. पुण्याहून कोणीतरी ती यंत्राला जोडली, यंत्रानं ती बिनबोभाट घेतली, वाक्यं तिच्यावर साठत गेली. बॅकअपला मात्र कोणी सांगितलं नाही की आता दोन आहेत. मला ती दुसरी डिस्क होती हे कळलं, ती नाहीशी झाल्यावर. तेलुगू वाक्यं तिच्यावर, त्यांच्यावरून तयार झालेला आवाजही तिच्यावर. ज्या लॅपटॉपवर वाक्यं घेतली जायची तो रुग्णांच्या खाजगीपणासाठी रोज पुसला जायचा, तसा नियमच होता.

“पुन्हा घेऊ या म्हणावं तर...” वीणाताईंनी वाक्य अर्ध्यावर सोडलं. त्या अण्णांच्या गळ्याकडे बघत होत्या.

सांगायचं काम वीणाताईंनी केलं. त्यांनी अण्णांच्या समोर खुर्ची ओढली आणि काहीही न लपवता सांगितलं, की मराठी सगळं सुखरूप आहे, तेलुगू गेलं, आणि ते परत येईल असं सांगता येत नाही.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग टॅबलेट मांडीवर घेतला. बोटं सावकाश चालली.

“हरकत नाही,” तो आवाज म्हणाला. “आपण सर्वांनी प्रयत्न केलात. आभारी आहे.”

एवढा स्वच्छ, एवढा समंजस आवाज. गाडी रद्द झाल्याची उद्घोषणा करावी तसा.

अक्का उठून उभ्या राहिल्या. “ह्यांना हरकत नसंल,” त्या म्हणाल्या. “मला आहे.” आणि दार ढकलून बाहेर गेल्या.

अण्णा त्यांच्यामागून निघाले. दारापाशी थांबले, वळले, आम्हा दोघींना हात जोडले आणि गेले.

पुढचे काही दिवस मी ज्या कंपनीची ती यंत्रं होती तिच्या लोकांमागे लागले. फोनवर वेगवेगळी माणसं यायची, सगळी सौजन्यानं बोलायची. डिस्क एकदा पुसली की पुसली, तुमची प्रत नसेल तर आमच्याकडेही काही नसतं, दिलगीर आहोत. आवटेंनी दोनदा फोन केला. त्यांच्या आवाजात पहिला मोकळेपणा राहिला नव्हता. “काही होण्यासारखं आहे का गं?” एवढंच विचारलं.

एका दुपारी अक्का एकट्याच आल्या. हातात कापडी पिशवी. माझ्या टेबलासमोर बसल्या आणि म्हणाल्या, “हैदराबादला जाऊन यावं म्हणते.”

“कशाला, अक्का?”

“आमची नणंद तिकडं तेलंगणात सिरसिल्ल्याला असते. तिच्याकडं उतरीन. तिचा पोरगा मला त्या बिल्डिंगीपाशी नेईल. हात जोडून विचारीन. माणसंच असतील की तिथं. माणसाला सांगितलं तर शोधून बघतील.”

त्या चेष्टा करत नव्हत्या. पिशवीतून बसचं वेळापत्रक डोकावत होतं. मी त्यांना समजावलं, की ती जागा आता दुसऱ्या कोणाला दिली असेल, तिच्यावर दुसऱ्याचं काहीतरी लिहिलं गेलं असेल, आतल्या माणसांनासुद्धा ते शोधता येत नाही. 

“भाड्याच्या खोलीसारखं.”

“हो. तसंच.”

त्यांनी मान हलवली. वेळापत्रक पिशवीत आत ढकललं. मग बोलल्या त्या माझ्याकडे न बघता.

“पोरगी पुण्यात. जावई मराठी, नातवंडं मराठी. शेजारी दोंतांचं घर होतं आमच्यातलं, ते लोक भिवंडीला गेले. घरात तेलुगू बोलणारे आम्ही दोघंच उरलो होतो. आता मी बोलते तेलुगूत आणि हे उत्तर देतेत मराठीत. त्यात चूक कुणाचीच नाही, मला कळायलंय. पण चार दिवस झाले, मी पण मराठीतच बोलायला लागले. एकटीनं किती बोलायचं?”

“काय ऐकायचं होतं तुम्हाला?” मी विचारलं. “म्हणजे, एखादं ठरावीक वाक्य होतं का?”

“कसलं वाक्य?” त्यांना जरा रागच आला. “त्या कागदावरची वाक्यं घरात कोण बोलतं का? ‘आज आकाश निरभ्र आहे.’ ‘शेतकऱ्याने बैलजोडी विकत घेतली.’ मी तिथं स्टुलावर बसून सगळी ऐकली आहेत. आमच्या घरात असलं कुणी बोलत नाही. घरात बोलतेत तसं ऐकायचं होतं मला. वाकडंतिकडं. काहीही.” त्यांनी पिशवी उचलली. “वाक्यं वाचताना मधीच माझ्याशी बोलायचे आणि वीणाताई ओरडायच्या, माइक चालू आहे, माइक चालू आहे म्हणून. तसं.”

त्या दारापर्यंत गेल्या होत्या. मी म्हणाले, “अक्का, थांबा. मराठी वाक्यांच्या वेळेला पण बोलायचे?”

“मग? ह्यांचं तोंड कधी बंद होतं तेव्हा?”

“कुठल्या भाषेत?”

माझ्याकडे त्यांनी वेड्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. “माझ्याशी कुठल्या भाषेत बोलणार?”

त्या गेल्यावर मी उभं केलेलं यंत्र उघडलं. पहिल्या डिस्कवर ‘कच्चं’ नावाचा एक फोल्डर होता. रोजचं ध्वनिमुद्रण सुरू केल्यापासून बंद करेपर्यंत अखंड त्यात यायचं. मग एक प्रोग्राम त्यातली वाक्यं तेवढी कापून घ्यायचा आणि मधलं खोकणं, कागदांची सळसळ, बोलणं सोडून द्यायचा. वाक्यं कापून झाल्यावर कच्च्या फायली काढून टाकायला हव्या होत्या, पण ते कोणी केलं नव्हतं. त्यांनीच तर डिस्क भरली होती. त्यांच्यामुळेच दुसरी डिस्क जोडावी लागली होती. आणि त्या इथं होत्या, पहिल्या डिस्कवर, बॅकअपमध्ये.

मी हेडफोन लावले आणि पहिली फाइल सुरू केली.

‘आज आकाश निरभ्र आहे.’ शांतता. ‘नदीला पूर आला आहे.’ शांतता. पडद्यावर आवाजाची रेघ दिसायची. वाक्यं सारखी, उंच, भरगच्च. मग दोन वाक्यांच्या मधे एक छोटासा उंचवटा आला. मी तिथं थांबले, आवाज वाढवला.

तो अण्णांचाच आवाज होता, पण मी कधी न ऐकलेला. खालच्या पट्टीतला, थोडा घोगरा, शब्दांची टोकं गिळलेला. पाठीमागून अक्कांचं काहीतरी पुटपुटणं. मग वीणाताई: “अण्णा, माइक चालू आहे.” मग पुन्हा ठणठणीत, ‘डोंगरावर धुके पसरले आहे.’

मला तेलुगू येत नाही. पण ते ऐकताना मी खुर्चीत ताठ झाले होते, एवढं आठवतं.

वीणाताईंना ऐकवलं. त्या म्हणाल्या, “ह्यावरून आवाज तयार नाही होणार, सुनेत्रा. फार थोडं आहे. शिवाय ह्यात मी ओरडत्येय, पंखा आहे.”

“आवाज नाही करायचा. नुसतं काढून द्यायचं.”

मग त्या दर दुपारी जेवणाच्या सुट्टीत माझ्याशेजारी बसायला लागल्या. एक हेडफोन त्यांच्या कानाला, एक माझ्या. उंचवटा दिसला की थांबायचं, कापायचं, बाजूला ठेवायचं. अर्थ दोघींनाही कळत नव्हता. काही तुकडे एका शब्दाचे होते. काहींमध्ये नुसतं हसू होतं. एकात अण्णा आणि अक्का चक्क भांडत होते, आणि त्यात माझ्या ओळखीचा ‘चष्मा’ हा एकच शब्द होता.

पुढं ते तुकडे आम्ही अण्णांच्या टॅबलेटवर बटणं करून घालून दिले, आणि अण्णा हयात होते तोवर रोज वापरत होते, असं अक्कांनी मला सांगितलं. मशीनचं नाव बदललं. नवी डिस्क जोडली की बॅकअपमध्ये आपोआप यावी असं लावलं, आणि महिन्यातून एकदा प्रत खरंच उभी करून बघायची पद्धत मी जिथं जिथं नोकरी केली तिथं तिथं नेली. ते सगळं झालं. पण मला त्या सगळ्यांत आठवते ती दोघांना ऐकायला बोलावलं ती दुपार.

अण्णांना यायचं नव्हतं. अक्कांनीच ओढून आणलं असावं. ते खोलीत आले, माइकसमोरच्या त्यांच्या जुन्या खुर्चीकडे बघितलं आणि तिथं न बसता भिंतीकडची खुर्ची घेतली. अक्का त्यांच्याशेजारी बसल्या. जेवणाच्या वेळेलाच घरून निघाल्या होत्या, पायाशी डबा होता.

“हेडफोन लावू का?” मी विचारलं.

“नको. खोलीत वाजव,” अक्का म्हणाल्या.

मी पहिला तुकडा लावला.

“नीळ्ळु,” अण्णांचा आवाज म्हणाला. मग पाणी ओतल्याचा आवाज.

अक्कांनी पदर तोंडाशी नेला. “पाणी मागायलेत,” त्या मला सांगू लागल्या, जणू मला सांगायची फार गरज होती. “घसा सुकायचा ना.”

दुसरा तुकडा. “एमे, फॅन बंद चेय्यि.” आणि लगेच वीणाताईंचा आवाज: “अण्णा!”

आत्ता शेजारी उभ्या असलेल्या वीणाताई ओशाळल्या. अक्का खळखळून हसल्या. “एमे म्हणजे मला. अगं, तसं. नाव नाही घेत आमच्यात.”

मग एकामागून एक तुकडे वाजत गेले. अक्का पहिल्यांदा प्रत्येकाचा अर्थ मला सांगत होत्या. पुढं पुढं सांगायच्या थांबल्या. चष्म्याचं भांडण आलं तेव्हा त्या ध्वनिमुद्रणातल्या स्वतःच्या आवाजाबरोबर ओठ हलवत होत्या.

माझं लक्ष अण्णांकडे गेलं. ते खुर्चीत पुढं वाकले होते. कोपरं गुडघ्यांवर, मान खाली. गळ्यातल्या रुमालाखालच्या छिद्रातून श्वास जोरजोरात येत-जात होता. त्या दिवशी ‘हरकत नाही’ म्हणणाऱ्या माणसाची बोटं एकमेकांत इतकी घट्ट अडकली होती की नखं पांढरी पडली होती. इतके दिवस आम्ही सगळे अक्कांनाच काय हवंय ते विचारत होतो. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

मी बंद करायला हात पुढं केला. अण्णांनी मान वर न करता तळहात हलवला. चालू दे.

शेवटचा तुकडा राहिला होता. तो मराठी वाक्यांच्या अगदी अखेरच्या दिवसाचा. अण्णांनी कुठलंसं लांबलचक वाक्य संपवलं होतं, वीणाताई काही आणायला बाहेर गेल्या असाव्यात, कारण दार लागल्याचा आवाज होता. मग बराच वेळ नुसता पंखा. मग खुर्ची करकरली आणि ते बोलले. थकलेला आवाज होता, पण आतून मऊ झालेला.

“एमे... तिन्नवा?”

“इंगा लेदु,” अक्का म्हणाल्या.

ध्वनिमुद्रणातल्या नव्हे. शेजारच्या खुर्चीतल्या. विचारलं आणि उत्तर दिलं, इतक्या सहज. बोलून गेल्यावर त्यांनाच ते उमगलं. त्यांनी वळून अण्णांकडे बघितलं.

“काय म्हणाले?” वीणाताईंनी हळूच विचारलं.

“जेवलीस का म्हणायलेत.” अक्कांचा आवाज फुटत होता. “मी म्हणलं, अजून नाही.”

अण्णांनी मान वर केली. डोळे पुसले नाहीत. वाकून अक्कांच्या पायाशी असलेला डबा उचलला आणि मांडीवर ठेवला. झाकण घट्ट बसलं होतं. त्यांनी ते दोनदा फिरवलं तेव्हा निघालं. कडक भाकरी होती, शेंगाची चटणी होती. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, चटणीला लावला आणि अक्कांच्या हातावर ठेवला. अक्का तो हातात धरून तशाच बसल्या. मग त्यांनी तो तोंडात घातला.

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. टॅबलेट बाजूच्या खुर्चीवर होता, त्याला त्यांनी हात लावला नाही. पाची बोटं जुळवून तोंडाकडे नेली आणि भुवया उंचावल्या.

माझी आई त्याच्या आदल्या वर्षी गेली होती. आमच्या घरात कन्नड बोलायचे, आणि ती असेपर्यंत रोज दुपारी तिचा फोन यायचा. तिचा एकही शब्द मी कुठं साठवून ठेवलेला नव्हता. ती गेल्यानंतर कन्नडमध्ये मला कोणी काही विचारलं नव्हतं आणि मीही कोणाशी बोलले नव्हते.

“इन्ना इल्लरी,” मी कन्नडमध्ये म्हणाले. अजून नाही.

अण्णांना कन्नड येत होतं की नाही, मला ठाऊक नाही. त्यांनी डब्यातली उरलेली भाकरी मोडली आणि अर्धी माझ्यापुढं धरली.